पित्याचे कर्तव्य बाळाच्या जन्माआधी सुरू होते



‘पुरुषार्थ’ हा शब्द आपण स्वाध्यायात वारंवार वाचतो. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ आपल्याला तोंडपाठ असतात. पण घरात वावरताना आपण या शब्दाचा अर्थ फार लहान करून टाकतो. पैसे कमावले, घरातले मोठे निर्णय घेतले आणि वंशाला दिवा दिला की पुरुषाचे कर्तृत्व पूर्ण झाले असे आपण मानतो. मग मूल होत नसेल तर बोट बाईकडे दाखवले जाते. मूल पुरे झाले की शस्त्रक्रिया बाईची होते. मूल झाले की रात्री जागायचे तेही बाईनेच.

आजच्या पाठाचा विषय हाच आहे. संतती होण्याआधी, संतती झाल्यावर आणि संतती पुरे म्हणताना, या तिन्ही वेळी पुरुषाने आधी पुढे व्हावे. ही बायकोवर केलेली मेहरबानी समजू नये. गृहस्थाश्रमातल्या पुरुषाची ती साधना आहे.

हा पाठ विवाहित बंधूंसाठी आहे, ज्यांचे लग्न ठरत आहे त्या तरुणांसाठी आहे आणि ज्यांच्या घरात सून किंवा जावई आला आहे अशा ज्येष्ठांसाठीही आहे. शक्य असेल तर तो घरात मोठ्याने वाचावा.

दिलीप राजाने काय केले?

कालिदासांच्या रघुवंशाची सुरुवात अपत्यहीन दांपत्याच्या कथेने होते. राजा दिलीप आणि राणी सुदक्षिणा यांना मूल नव्हते. राजाने राज्यकारभार मंत्र्यांवर सोपवला आणि राणीला सोबत घेऊन तो गुरू वसिष्ठांच्या आश्रमात गेला. येथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. त्याने राणीला एकटीला पाठवले नाही. दोघे एकाच रथातून गेले.

वसिष्ठांनी ध्यान लावून कारण शोधले. कारण राणीत निघाले नाही. कामधेनू सुरभीचा मान राखण्यात राजाकडूनच चूक झाली होती आणि तिचा शाप त्याला बाधत होता. गुरूंनी हे राजाच्या तोंडावर सांगितले. चक्रवर्ती राजा रागावला नाही, त्याने ते नाकारले नाही आणि ‘आमच्या कुळात असे काही नसते’ असेही म्हटले नाही. त्याने विचारले ते एवढेच की आता काय करायचे.

उपाय होता सुरभीची कन्या नंदिनी हिची सेवा. राजाने ती स्वतः केली. गाय चालली की तो चाले, ती बसली की तो बसे. राणी सकाळ-संध्याकाळ गाईची पूजा करी, पण रानात दिवसभर गाईमागे फिरण्याचे काम राजाचे होते. असे एकवीस दिवस गेले. त्यानंतर सिंहाच्या प्रसंगात गाईला वाचवण्यासाठी राजाने स्वतःचे शरीर देऊ केले. पुढे त्यांच्या पोटी रघू जन्मला आणि वंशाला त्याचे नाव मिळाले.

ही कथा आपण गोसेवेच्या संदर्भात ऐकतो. ती पतीची कथा म्हणूनही वाचली पाहिजे. कारण शोधायला तो सोबत गेला, कारण आपल्यात निघाल्यावर त्याने ते स्वीकारले आणि व्रताचा जड भाग त्याने उचलला.

आज आपल्या घरांत काय घडते? सून सोळा सोमवार करते, उपास करते, कोणी सांगेल त्या देवस्थानाला जाते, रक्त तपासून घेते, गर्भनलिकांची तपासणी करून घेते, कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही सोसते. आणि नवऱ्याची एक साधी तपासणी दोन-दोन वर्षे झालेली नसते.

बीजाचा विचार

गर्भ राहण्यासाठी काय लागते, याचा विचार आपल्या पूर्वजांनी एकांगी केलेला नाही. सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निरोगी गर्भाशय, पोषण आणि सुदृढ बीज. आयुर्वेदात पुरुषाच्या शुक्रदोषांचा स्वतंत्र विचार आहे आणि वाजीकरण ही आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक शाखा आहे. म्हणजे दोष पुरुषातही असू शकतो हे आपल्याकडे फार पूर्वीपासून मान्य होते. घराघरांतल्या बोलण्यातून मात्र ते नाहीसे झाले.

आजचे वैद्यकशास्त्र तेच आकड्यांत सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण असते, काहींत एकटे, काहींत पत्नीकडील कारणासोबत. हा निम्मा भाग डोळ्याआड करून आपण जेव्हा फक्त सुनेला विचारतो, तेव्हा आपण अर्धीच वही तपासून ताळेबंद मांडतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. असा ताळेबंद कधी जुळत नाही, एवढे मला नक्की कळते.

वर्षभर नियमित शरीरसंबंध असूनही, कोणतेही साधन न वापरता गर्भ राहिला नाही, तर दोघांनी डॉक्टरांकडे जावे. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच जावे. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे वीर्यतपासणी. ती स्त्रीच्या बऱ्याच तपासण्यांपेक्षा सोपी आहे. तिला भूल लागत नाही, टाका लागत नाही, दुखत नाही. तपासणीआधी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो. नमुना प्रयोगशाळेतच देता येतो, किंवा घरी घेऊन तासाभरात पोहोचवता येतो. वीर्याचे प्रमाण, शुक्राणूंची संख्या, त्यांची हालचाल आणि त्यांचा आकार या गोष्टी पाहिल्या जातात. एका मिलिलीटरमध्ये साधारण १.६ कोटी किंवा त्याहून जास्त शुक्राणू असणे ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेली खालची मर्यादा आहे. एका अहवालात संख्या कमी आली म्हणून लगेच घाबरून जाऊ नये. ताप, ताण, झोप यांचाही परिणाम होतो, म्हणून डॉक्टर तपासणी पुन्हा करायला सांगतात.

बंधूंनो, अडचण तपासणीत नाही, अहंकारात आहे. ‘माझ्यात काय कमी असणार?’ हा प्रश्न मनात आला की समजावे, साधनेचा खरा विषय समोर आला आहे. ध्यानाला बसून आपण ‘मी देह नाही’ असे म्हणतो. आणि देहातल्या एका पेशीची मोजदाद करायची म्हटले की आपला सगळा ‘मी’ जागा होतो.

तीन महिन्यांचे व्रत

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर येण्यासाठी आणखी थोडे दिवस. म्हणजे आज आपण जे खातो, पितो आणि जसे राहतो, त्याचा परिणाम सुमारे तीन महिन्यांनी दिसतो. म्हणून ज्यांना मूल हवे आहे, त्या पुरुषांनी तीन महिन्यांचे व्रत घ्यावे. दिलीपाचे व्रत एकवीस दिवसांचे होते, आपले थोडे लांब आहे. त्यात काय पाळायचे ते असे:

पहिले, तंबाखू पूर्ण सोडावी. विडी, सिगारेट, गुटखा, खर्रा, काहीही. धूम्रपानाने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, आणि घरात ओढलेल्या सिगारेटचा धूर गर्भवतीलाही अपाय करतो.

दुसरे, दारू सोडावी.

तिसरे, व्यायाम करावा आणि वजन आटोक्यात ठेवावे. पण शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळेत कोणी स्टेरॉईड किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने देत असेल तर त्यापासून दूर राहावे. अनेक तरुणांना माहीत नसते की बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीर शुक्राणू बनवणे कमी करते, कधी थांबवतेही. दंड भरदार दिसतात आणि बीज आटते.

चौथे, उष्णता टाळावी. अंडकोष शरीराबाहेर असतात, कारण त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. मांडीवर लॅपटॉप ठेवून तासन् तास काम करणे, फार गरम पाण्यात बसणे टाळावे. ज्यांचे काम भट्टीजवळ, शिशाच्या कारखान्यात किंवा कीटकनाशकांच्या फवारणीचे आहे, त्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

पाचवे, अंडकोषात सूज, गाठ किंवा जडपणा जाणवत असेल, वयात आल्यानंतर गालगुंड होऊन गेले असेल, किंवा पूर्वी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली असेल तर लाजू नये, सांगावे. अंडकोषाजवळच्या शिरा फुगणे, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, ते साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांत आढळते. मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण याहून बरेच जास्त असते. गरज असेल तेथे त्यावर उपचार होतो.

भिंतीवर लावलेल्या जाहिराती आणि गुप्तरोगाच्या नावाने चालणारे तंबू यांच्याकडे जाऊ नये. लाज वाटते म्हणून माणूस तिकडे वळतो, आणि त्याचा पैसाही जातो आणि वेळही.

कारण आपल्यात निघाले तर

अहवालात दोष निघाला तरी बहुतेक वेळा पुढचा मार्ग असतो. काही कारणांवर औषध आहे, काहींवर शस्त्रक्रिया. शुक्राणू फार कमी असतील तर एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत १९९२ पासून उपलब्ध आहे. हे उपचार महाग आहेत, त्यांत यशाची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि कारण पुरुषात असले तरी इंजेक्शने व शस्त्रक्रिया पत्नीच्याच शरीरावर होतात. म्हणून उपचार किती काळ करायचा, कोठे थांबायचे, हे दोघांनी आधी बोलून ठरवावे. थांबण्याचा निर्णय तिने घेतला तर तिला दोष देऊ नये.

पण सर्वांत कठीण काम दवाखान्यात नसते, ते घरी असते. आपल्यात दोष आहे हे कळल्यावरही अनेक पुरुष गप्प बसतात आणि पत्नीला टोमणे खाऊ देतात. डोहाळजेवणाला तिला मागे बसवले जाते, बारशाला पाळण्याला हात लावू दिला जात नाही, शेजारच्या काकू ‘काही विशेष?’ म्हणून विचारतात. नवऱ्याला सत्य माहीत असते आणि तो वर्तमानपत्र वाचत राहतो. आपल्या परंपरेत असत्य केवळ बोलण्याने घडत नाही. बोलायला हवे तेथे गप्प राहण्यानेही ते घडते. अहवालाचा तपशील सगळ्यांना सांगण्याची गरज नाही. तो दोघांचा खासगी विषय आहे. पण ‘आई, या विषयावर तिला कोणी काही विचारायचे नाही. काय विचारायचे ते मला विचारा,’ एवढे वाक्य मुलानेच म्हणायला हवे. सुनेने ते म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो. मुलाने म्हटले तर घर ऐकते.

याचे मोठे उदाहरण महाराष्ट्राला परके नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे लग्न १८४० साली झाले. त्यांना मूल झाले नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, पण जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, जेथे विधवा स्त्रियांना सुरक्षित बाळंत होता येई. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंचे निधन झाले, त्या सेवेत यशवंत त्यांच्यासोबत होता. रक्ताचे नाते नसलेला हा मुलगा खऱ्या अर्थाने त्यांचा वारस ठरला. दत्तक घेणे हा पराभवानंतरचा मार्ग आहे असे मानणाऱ्यांनी या घराकडे पाहावे. आणि ज्या जोडप्याला मूल न घेता सेवेत आयुष्य घालवायचे आहे, त्यांचाही गृहस्थाश्रम पूर्णच आहे.

मुलगा की मुलगी

एक गोष्ट शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, पण घरी कोणी बोलत नाही. स्त्रीबीजातून नेहमी एक्स गुणसूत्रच येते. पुरुषाच्या बीजातून एक्स किंवा वाय यांपैकी एक येते. एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. म्हणजे ‘हिला मुलीच होतात’ हे वाक्य शास्त्राप्रमाणे उलटे आहे. अर्थात पुरुषालाही ते ठरवता येत नाही, म्हणून त्यालाही दोष देण्याचे कारण नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि महाराष्ट्राने त्याआधी, १८८८ नव्हे तर अगदी अलीकडे १९८८ साली, या तंत्रावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा केला. सोनोग्राफीच्या वेळी ‘काय आहे?’ असे कोणी विचारू लागले तर त्याला थांबवण्याचे काम बाळाच्या बापाचे आहे.

पुरे म्हणताना

हवी तेवढी मुले झाल्यावर दोघांनी मिळून संयमाचा विचार करावा, हे आपण ऐकतो. पण संयमाचा भार कोण उचलतो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) असे आढळले की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली आहे. पतीने नसबंदी केली आहे अशी जोडपी केवळ ०.३ टक्के. म्हणजे शंभराहून अधिक स्त्रियांमागे एक पुरुष.

शरीराचा विचार केला तर हे प्रमाण उलटे असायला हवे. स्त्रीची शस्त्रक्रिया पोटाच्या आत होते. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी ती जागा बधिर करून थोड्या वेळात होते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. त्यानंतर सुमारे तीन महिने, वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे दिसेपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते. पुरुषाची ताकद, दाढी-मिशा, आवाज, कामेच्छा यांवर परिणाम होत नाही, कारण पुरुषी संप्रेरक रक्तातून जाते, कापलेल्या नलिकेतून नाही. आणीबाणीच्या काळात १९७५ ते १९७७ दरम्यान झालेल्या सक्तीची भीती अनेक घरांत अजून आहे, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. सक्ती चूकच होती. पण स्वतःच्या इच्छेने, पत्नीशी बोलून, तिचे शरीर वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय ही वेगळी गोष्ट आहे. ज्या बाईने दोन बाळंतपणे सोसली तिच्याच पोटावर आणखी एक शस्त्रक्रिया का, हा प्रश्न पुरुषाने स्वतःला विचारावा.

बाप म्हणून घरात

आता मूल झाले आहे असे धरू. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. मुलीला आईजवळ विश्रांती मिळते, हा त्या रीतीचा चांगला भाग. पण त्यामुळे बाप पहिले दोन-तीन महिने पाहुणा होतो. रविवारी येतो, बाळाला पाच मिनिटे घेतो, सासूबाईंच्या हातचे जेवतो आणि परत जातो. बाळ घरी येते तेव्हा आईला सगळे येत असते आणि बापाला काहीच येत नसते. तेथून ‘तुला जमते, तूच कर’ हे सुरू होते आणि वीस वर्षे चालते.

आईलाही हे जन्मतः येत नव्हते, ती करून शिकली. बापालाही तसेच शिकता येते. जावई म्हणून गेलात तरी लंगोट बदलण्याचे काम आपल्याकडे घ्या. दूध पाजणे सोडून सर्व कामे बापाला करता येतात: ढेकर काढणे, आंघोळ घालणे, झोपवणे, रात्री उठून बाळाला आईजवळ आणून देणे. वजन कमी असलेल्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची ‘कांगारू’ पद्धत कोलंबियातल्या बोगोटा येथे १९७८ साली सुरू झाली. ती बापालाही करता येते.

लसीकरणाचे कार्ड बापाने सांभाळावे. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. या तारखा लक्षात ठेवणे हेही पालकपण आहे.

पत्नीच्या मनाकडेही लक्ष द्यावे. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे सामान्य आहे. पण दोन आठवड्यांनंतरही ती उदास असेल, झोप लागत नसेल, बाळाकडे पाहवत नसेल, तर ते ‘नखरे’ नाहीत, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहे. डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ती बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेता येते. खासगी नोकरीत असा सार्वत्रिक कायदा नाही, पण काही कंपन्या अशी रजा देतात. मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, आणि घेतल्यावर घरीच राहावे. ती रजा बारशाचा मांडव घालण्यासाठी नाही.

देशात २०१९ साली झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे प्रत्येक साधकाने पाहावेत. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात एका दिवसात ८१ टक्के स्त्रिया आणि २६ टक्के पुरुष सहभागी होते. जे सहभागी झाले, त्यांत स्त्रियांचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता आणि पुरुषांचा ९७. फरक २०२ मिनिटांचा. वर्षाचा हिशोब केला तर तो सुमारे ५१ पूर्ण दिवस-रात्रींचा होतो. आपण केंद्रावर सेवेला जातो, सतरंज्या उचलतो, महाप्रसादाची भांडी घासतो आणि त्याला सेवा म्हणतो. घरातली भांडी घासली तर त्याला ‘बायकोला मदत’ म्हणतो. भांडी तीच आहेत. घरातल्या सिंकपाशी फोटो काढायला कोणी नसते, म्हणून तेथली सेवा जास्त निष्काम होण्याची शक्यता असते.

मुले ऐकून शिकत नाहीत, पाहून शिकतात, हे आपण बालसंस्कार वर्गात सांगतो. वडील आजारी आईसाठी भात लावतात हे पाहिलेला मुलगा उद्या कसा नवरा होईल, आणि ते पाहिलेली मुलगी उद्या काय सहन करणार नाही, याचा विचार करावा.

आपल्या सत्संगासाठी एक विनंती

आपल्या कार्यक्रमांत ओटी भरताना, हळदीकुंकवाला, गर्भसंस्काराच्या शिबिरात मूल नसलेल्या भगिनींना आपण पुढे बोलावतो का? की त्या स्वतःच मागच्या रांगेत बसतात आणि आपण ते पाहून न पाहिल्यासारखे करतो? जेथे आपण सर्वांत एकच चैतन्य आहे असे म्हणतो, तेथे एखादी भगिनी फक्त मूल नाही म्हणून मागे बसत असेल, तर ते वाक्य आपण केवळ म्हटले आहे, जगलो नाही. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो की नागपूर, आपल्या प्रत्येक मराठी स्वाध्याय मंडळाने पुढच्या कार्यक्रमात हे मुद्दाम बदलावे. आणि गर्भसंस्काराच्या शिबिरात खुर्च्या दोघांसाठी मांडाव्यात.

या आठवड्याचा स्वाध्याय

पुढील प्रश्नांवर रोज दहा मिनिटे शांत बसून चिंतन करावे. उत्तरे वहीत लिहावीत.

१. माझ्या घरात मूल होणे किंवा न होणे याबद्दल कोणाला प्रश्न विचारले जातात? त्या वेळी मी काय करतो?

२. डॉक्टरांनी सांगितलेली एखादी तपासणी मी लाजेमुळे किंवा अहंकारामुळे टाळली आहे का?

३. कुटुंब नियोजनाचा निर्णय आम्ही दोघांनी बोलून घेतला, की तो तिच्यावर आपोआप पडला?

४. माझ्या मुलाच्या वर्गशिक्षकांचे नाव, त्याची पुढची लस, त्याला कशाची भीती वाटते, हे मला कोणाला न विचारता सांगता येते का?

५. काल मी घरकामाला किती मिनिटे दिली? पत्नीने किती दिली? अंदाजाने लिहू नये, एक दिवस घड्याळ लावून मोजावे.

चिंतनानंतर एक संकल्प करावा. तो मोठा नसावा. तपासणीसाठी दूरध्वनी करून वेळ घेणे, आईशी एकदा स्पष्ट बोलणे, रात्रीची एक जाग आपल्याकडे घेणे, यांपैकी एक पुरे. तो पत्नीला सांगावा आणि आठवड्याच्या शेवटी काय झाले ते तिलाच विचारावे. आपले उत्तर आपण देऊ नये, तिला देऊ द्यावे.

पुढच्या स्वाध्यायाला येताना ती वही सोबत आणावी.